गाळात गेलेला बंधारा

पावसाळ्यात मराठी बातम्या ऐकणाऱ्या माणसाला नांदूर मधमेश्वर हे नाव पाठ असतं. नाशिकला पावसाचा जोर वाढला, गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं, गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की मागोमाग ती ठरलेली ओळ येते : नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक विसर्ग. मराठवाड्यातला शेतकरी हा आकडा कान देऊन ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी, आणि नाशिकचं पाणी पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, किती मिळणार ते याच उंबऱ्यावर मोजलं जातं.

पाऊस ओसरला की बातमी संपते आणि नावही वर्षभरासाठी मिटतं. गंमत अशी की या जागेचा खरा हंगाम त्यानंतरच सुरू होतो. क्युसेकचे आकडे थांबतात आणि उत्तरेकडून बदकं यायला लागतात.

नाशिकहून सायखेड्याच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर किंवा निफाडहून बाराएक किलोमीटर गेलं की गोदावरी आणि कादवा यांचा संगम लागतो. काठावर मध्यमेश्वर महादेवाचं जुनं देऊळ आहे. गावाच्या नावातला मधमेश्वर तो हाच. पक्षी पाहायला मात्र वरच्या अंगाला चापडगावच्या बाजूला जायचं. तिथे वन विभागाने मनोरे उभारले आहेत आणि गावातलीच मुलं गाइड म्हणून सोबत येतात. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर घ्या. निफाडचा पारा हा दर हिवाळ्यातला वर्तमानपत्री विषय उगाच झालेला नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान कधी पाच अंशांच्याही खाली नोंदवलं जातं, आणि तशा पहाटे द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. आम्ही गेलो त्या सकाळी तो धूर आणि पाण्यावरचं धुकं एकमेकांत असं मिसळलं होतं की मनोऱ्यावर चढून अर्धा तास नुसतं पांढरं बघत बसावं लागलं.

दिसत काही नव्हतं, पण ऐकू भरपूर येत होतं. पाणकणसाच्या बेटातून जांभळ्या पाणकोंबड्यांचं कण्हल्यासारखं ओरडणं, कुठेतरी टिटवी, आणि मधूनच लांबवरून नाकात बोलल्यासारखी एक भरदार हाक. ती चक्रवाकाची. संस्कृत कवींनी या पक्ष्याच्या जोडीला शाप देऊन ठेवला आहे : रात्री नर आणि मादी नदीच्या दोन काठांवर आणि पहाटेपर्यंत नुसत्या हाका. प्रत्यक्षात जोडी विभक्त वगैरे होत नाही. हे पक्षी रात्रीही चरतात आणि चरताना एकमेकांना हाका मारत राहतात, इतकंच. अंधारात दिसत नसल्यामुळे कवीने बाकीचं मनाने भरलं असावं. त्या धुक्यात बसल्यावर मला कवीचं फारसं चुकलं असं वाटलं नाही.

साडेसातच्या सुमारास धुकं उचललं आणि समोर जे दिसलं त्याला तलाव म्हणावं की शेत की नदी, ते ठरेना. पाणी होतं, पण सलग नव्हतं. मध्ये मातीची बेटं, बेटांवर बाभळी, कडेने पाणकणीस, त्यापुढे उथळ पाण्यात बुडालेलं गवत, आणि काठाला चकाकणारा चिखल. या सगळ्यावर हजारो पक्षी. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं असं सांगतात आणि वन विभागाच्या फलकापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळीकडे तेच विशेषण चालतं. सहसा अशी विशेषणं मला आवडत नाहीत. हे मात्र एका वेगळ्याच कारणाने चपखल आहे. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव हेसुद्धा मूळचं निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. अठराव्या शतकात सूरजमल राजाच्या काळात बांधलेल्या अजान बांधामुळे तिथे पाणी साचलं. नांदूर मधमेश्वरही माणसाने बांधलं, आणि तेही पक्ष्यांचा विचार स्वप्नातसुद्धा न करता.

१९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारच्या पाटबंधारे खात्याने संगमाशी दगडी बंधारा घालायला सुरुवात केली. हे साठवणीचं धरण नव्हतं. हा वळण बंधारा. म्हणजे नदीचं पाणी अडवून थोडं वर उचलायचं आणि दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवायचं. पाण्याची खरी साठवण वरच्या अंगाला, दारणा नदीवरच्या धरणात. ते १९१६ मध्ये पुरं झालं. गंगापूर धरण तर स्वातंत्र्यानंतरचं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या कोपरगाव, राहाता या कोरड्या मुलखाला पाणी पोचवणं हा हेतू होता आणि तो साधलाही. गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी त्या भागाचं रूप पालटलं. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, फळबागा आल्या. पुढे इथूनच मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांसाठी जलद कालवाही निघाला.

अभियंत्यांनी सगळं मोजलं होतं, आणि गाळही त्यांच्या हिशोबात असणारच. पण शंभर वर्षांच्या गाळाचा हिशोब कोण करतो? नदीचं काम पाणी वाहणं एवढंच नसतं. ती माती वाहते. दख्खनच्या काळ्या जमिनीवर पहिला जोरदार पाऊस पडला की गोदावरी चहाच्या रंगाची होते. जोवर पाण्याला वेग आहे तोवर ही माती तरंगत जाते. वेग मंदावला की बसते : आधी जाड वाळू, मग पोयटा, आणि सगळ्यांत शेवटी चिकणमाती. बंधाऱ्याच्या भिंतीने नदीला अडवलं आणि दर पावसाळ्यात मातीचा एक थर मागे राहिला. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा. कुठे उंचवटा झाला, त्यावर गवत धरलं, गवताच्या मुळांनी आणखी माती धरली आणि त्याचं बेट झालं. साठवणीची बरीचशी जागा मातीने खाल्ली.

मराठीत एखादी गोष्ट वाया गेली, बुडाली, की ती गाळात गेली म्हणतात. हा बंधारा अगदी शब्दशः गाळात गेला. पाटबंधाऱ्याच्या वहीत ही तूट आहे. पण आज तिथे जे काही उडतं, पोहतं आणि चिखलात चोच खुपसतं ते सगळं या तुटीवर जगतं. मला या जागेबद्दल काही सांगायचं असेल तर ते हेच आहे.

यात काही काव्य नाही, साधा खोलीचा हिशोब आहे. गंगापूर धरण इथून फार लांब नाही आणि पाणी तिथे कितीतरी जास्त आहे. तरी इतके पक्षी तिथे नसतात. खोल पाण्याच्या तळाशी उजेड पोचत नाही, त्यामुळे पाणवनस्पती उगवत नाहीत, आणि उगवल्या तरी बहुतेक पाणपक्ष्यांची चोच तिथवर जात नाही. बहुतेक बदकं बुडी मारणारी नसतात. ती डोकं खाली आणि शेपूट वर अशी उलटी होतात आणि मान पोचेल तिथवरचं खातात. म्हणजे हात-दीड हात खोली. चिखलात टोचणाऱ्या तुतवारांना तर दोन-चार बोटं पाणी पुरतं. उथळ पाणी म्हणजे वाढलेलं ताट. खोल पाणी म्हणजे कुलूप लावलेलं कोठार.

आणि ही खोली रोज सारखी राहत नाही, हे आणखी महत्त्वाचं. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की पाणी चढतं आणि काठाचा चिखल झाकला जातो. कालवे ओढू लागले की उतरतं आणि नवा ओला पट्टा उघडा पडतो. शेतकरी धरणाच्या उघड्या पडलेल्या जमिनीत पेरणी करतो त्याला आपण गाळपेर म्हणतो. पक्ष्यांचीही ही गाळपेरच, फक्त पेरणी न करता थेट कापणी. नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात किड्यांच्या अळ्या, गांडुळासारखे जीव, छोटे शंख-गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात. तो पट्टा वाळून टणक व्हायच्या आत पक्षी तो साफ करतात. तोवर दुसरा पट्टा उघडतो. कोपरगावच्या उसाला पाणी देणारं वेळापत्रक असं नकळत पक्ष्यांचंही जेवणाचं वेळापत्रक झालं आहे.

एकाच पाण्यात इतके पक्षी भांडणाशिवाय कसे खातात, हा मनोऱ्यावरचा हमखास प्रश्न. दुर्बीण एका ओळीत काठापासून आत फिरवा, उत्तर दिसतं. अगदी कडेला इवले तुतवार. त्यांच्या पुढे शेकाट्या. शरीराच्या मानाने इतके लांब पाय रोहित सोडला तर दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला नाहीत. लालबुंद काड्यांवर पांढरंकाळं शरीर ठेवल्यासारखं दिसतं. ते पाय म्हणजे तुतवाराला न पोचणाऱ्या पाण्यात शिरण्याचा परवाना. आणखी पुढे चमचा. हा पक्षी पाण्यात बघत नाही, चपट्या चोचीचा चिमटा किंचित उघडा ठेवून डावीकडून उजवीकडे पाणी झाडत चालतो. काही लागलं की चिमटा मिटतो. मुग्धबलाकाची गोष्ट आणखी चमत्कारिक. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. जन्मतः ही फट नसते, वयाबरोबर ती तयार होते. गोगलगायी हे त्याचं मुख्य खाणं, आणि बुळबुळीत, कडक शंख हाताळायला त्याला ही वाकडी चोच उपयोगी पडते. तो शंख फोडत बसत नाही. चोचीचं टोक आत घालून गोगलगायीचा स्नायू कापतो आणि तिला सबंध बाहेर ओढतो. कोकणातल्या माणसाला तिसऱ्या सोलताना पाहिलेलं असेल तर हे कसब लगेच पटेल.

थापट्या बदकाकडे मात्र मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसलो. दिसायला चोच म्हणजे गवंड्याची थापी. नाव तिथूनच आलेलं. चोचीच्या कडेला आतून शंभरावर बारीक दाते असतात. पाणी चोचीत घ्यायचं, कडेने गाळून सोडून द्यायचं, आत राहिलेले सूक्ष्म जीव आणि बिया गिळायच्या. कधी पाच-पंचवीस थापटे गोल धरून पोहतात. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळतो. चहाच्या गाळणीने तलाव गाळायला निघालेली ही मंडळी दिवसभर कंटाळत नाहीत.

आमच्याबरोबरचा गाइड विशीतला होता, चापडगावचाच. त्याला इंग्रजी नावं सगळी तोंडपाठ. शहरातून येणारे पाहुणे तीच विचारतात. पाण्यात काळ्या ठिपक्यांचा एक मोठा जथा होता, त्याकडे बोट दाखवून मी विचारलं, ‘‘दादा, ते काय?’’

‘‘कूट आहे साहेब. कॉमन कूट.’’

‘‘तुमच्याकडे काय म्हणतात?’’

तो जरा हसला. ‘‘आमचे म्हातारे वारकरी म्हणतात. कपाळ पहा ना त्याचं.’’

दुर्बिणीत पाहिलं. काळं कुळकुळीत शरीर आणि कपाळावर चोचीपासून वर गेलेला पांढराशुभ्र पट्टा. गोपीचंदन लावल्यासारखा. चालतात तेही दिंडीसारखे घोळक्याने. आणि उडताना तर नाव दुप्पट खरं ठरतं, कारण या पक्ष्याला जागेवरून उडता येत नाही. त्याला आधी पाण्यावरून बरंच अंतर धावावं लागतं. एकदम शंभरभर वारकरी धावायला लागले तेव्हा झालेला पाण्याचा आवाज ऐकून रिंगण आठवलं नसतं तरच नवल. ते उगाच धावत नव्हते. पाणकणसावरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी अगदी खालून, पंख वर धरून तरंगत आला होता. तो आला की आधी सगळे वारकरी एकमेकांना खेटून घट्ट गोळा होतात. एकटा सापडला तो संपला, हे त्यांना ठाऊक असतं. आळशी किंवा आजारी जो मागे राहतो त्याच्यावर भोवत्याची नजर.

हळदीकुंकू बदकाच्या नावाचंही तसंच. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, मुळाशी दोन्ही बाजूंना लाल. स्पॉट-बिल्ड डक या नावात ठिपका आहे, पण बाईच्या कपाळावरचं हळदीकुंकू त्यात नाही. शेकाट्या, थापट्या, टिबुकली, वारकरी : ही नावं कुणी समितीत बसून पाडलेली नाहीत. पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या कोळ्यांनी, गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी पक्षी पाहिला आणि आपल्या घरातली वस्तू त्याला चिकटवली. मारुती चितमपल्लींनी वन खात्यातल्या नोकरीच्या काळात जंगलातल्या माणसांकडून अशी नावं गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त घातली. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी वेचली त्याहून न वेचलेली नावं जास्त असणार, आणि ती सांगणारे म्हातारेही आता कमी होत चालले आहेत.

दहाच्या सुमाराला उत्तरेकडून पट्टकादंबांचा थवा आला. राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. उन्हाळ्यात हे मंगोलिया, तिबेटच्या पठारांवर असतात आणि हिवाळ्यासाठी हिमालय ओलांडून खाली येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात एक पक्षी सात हजार मीटरच्याही वर उडाल्याचं नोंदलं गेलं. तितक्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवणारं असतं आणि फुफ्फुसं इतर हंसांपेक्षा मोठी. पण त्याच अभ्यासांतून दुसरीही गोष्ट कळली, आणि ती मला जास्त आवडते. हे पक्षी हौसेने उंच उडत नाहीत. डोंगराच्या उतारांना धरून दरी आली की खाली, कडा आला की वर, असे घाट चढावेत तसे जातात. वर जाऊन एका उंचीवर टिकून राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. कष्टाने मिळवलेली उंची फुकट घालवायची नाही, असा संसारी विचार त्यात दिसत नाही, कारण उंची तर ते दर दरीला घालवतात. विरळ हवेत पंख मारणंच इतकं महाग असतं की खाली उतरून दाट हवेत उडणं परवडतं.

थंडीला भिऊन पक्षी दक्षिणेला येतात, ही समजूत अर्धीच खरी. पिसांच्या दुलईत त्यांना थंडीचं तितकं वावडं नसतं. निफाडच्या पाच अंशांत ते मजेत असतात आणि आपण कुडकुडतो. खरं संकट असतं ते तळं गोठण्याचं. बर्फाखालचं गवत आणि किडे चोचीला लागत नाहीत, म्हणून निघायचं. इथे आल्यावर पट्टकादंब दिवसा पाण्यात विश्रांती घेतात आणि संध्याकाळनंतर हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतांत उतरतात. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याचं कौतुक पर्यटकाला. हरभऱ्याचा शेंडा ज्याचा खुडला जातो त्याला ते तेवढं नसतं, आणि त्याला दोष देणंही बरोबर नाही.

शेतकऱ्याची खरी तक्रार मात्र हंसांबद्दल नाही. ती गाळाबद्दल आहे.

बंधाऱ्यामागची जागा मातीने भरली, तसा पुराच्या पाण्याला पसरायला वाव उरला नाही. वरून मोठं पाणी आलं की ते मागे फुगतं आणि चांदोरी, सायखेडा या गोदाकाठच्या गावांत शिरतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथली दुकानं, घरं पाण्यात गेली होती. त्यात जलपर्णीचे तराफे पुलाला येऊन अडकतात आणि पुलाचाच बांध होतो. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी बागेसाठी भारतात आणली. अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, आणि वरच्या अंगाला नाशिकसारखं शहर असताना गोदावरीत तिच्या खताची कमी नाही. सांडपाणी म्हणजे तिला अमृत. पाण्यावर तिची चादर पसरली की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. तेवढ्यातल्या तेवढ्यात कमळपक्ष्याची चैन होते. लांबलचक बोटं पसरून तो जलपर्णीच्या पानांवरून कमळावरून चालावं तसा चालतो. (या पक्ष्यात अंडी उबवायची आणि पिलं सांभाळायची ती नराने. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. गाइडने हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या बायकांनी कमळपक्षी बराच वेळ पाहिला.)

तर गावकऱ्यांची मागणी आहे की गाळ काढा. आणि समोर अडचण आहे ती १९८६ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याची. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत नुसतं पाणी नाही. लोकांची शेतं, वस्त्या, विहिरी आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे काहीही उपसायचं, बांधायचं तर परवानग्यांची साखळी लागते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर एके दिवशी अभयारण्याची रेघ आली, याचा सल मनोऱ्यावर उभं राहून कळत नाही. बांधावर बसून बोललं तर कळतो.

माझं मत विचाराल तर सरसकट गाळ काढणं म्हणजे पाणथळ पुसून टाकणं. तळ खरवडला की उरेल ते खोल पाण्याचं कुलूपबंद कोठार, आणि असं कोठार वर गंगापूरला आहेच. पण पक्ष्यांसाठी चांदोरीने दर दोन-तीन वर्षांनी बुडावं हेही कुठल्या तोंडाने सांगायचं? नदीचा मुख्य प्रवाह मोकळा करणं आणि कडेचे उथळ पट्टे, बेटं न दुखावणं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. ते काम पक्षी परत गेल्यावर आणि पावसाच्या आत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये उरकता येईल. त्यासाठी पाटबंधारे आणि वन या दोन खात्यांना एका टेबलाशी बसावं लागेल. हे काम हिमालय ओलांडण्यापेक्षा अवघड दिसतं.

२०२० च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वरला रामसर स्थळाचा मान मिळाल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातलं हे पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. इथलं रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टरचं, म्हणजे अभयारण्याच्या सातव्या हिश्श्याएवढं. चिल्का सरोवराच्या शेजारी ठेवलं तर डबकंच. रामसरच्या नोंदीत इथल्या सगळ्या मिळून ५३६ प्रजाती आहेत. त्यात देवळाली मिनो नावाचा एक चिमुकला, नामशेष होण्याच्या काठावरचा मासा आहे. त्याला कुणी पाहायला येत नाही.

त्याच नोंदीत बिबट्याही आहे, आणि पाणथळीच्या यादीत त्याचं नाव पाहून बाहेरचा माणूस चकित होतो. निफाडकर होत नाही. कालव्यांचं आणि उपशाचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, आणि उसाच्या दाट फडात बिबट्याला आयतं रान मिळालं. मादी उसातच पिलं घालते. ऊसतोड सुरू झाली की फडात पिलं सापडल्याच्या बातम्या येतात. तो आता डोंगरातला पाहुणा राहिलेला नाही, उसातच जन्मून उसातच वाढलेला आहे. नदी वळवताना बंधारा बांधणाऱ्यांना बदकंही अपेक्षित नव्हती आणि बिबट्याही नव्हता.

जायचं असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. ऑक्टोबरातही बदकं असतात, पण तेव्हा बरेच नर मादीसारखे मातकट दिसतात. विणीनंतर ते झळझळीत पिसं टाकून देतात, उडण्याची पिसंही एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. तेव्हा शिकाऱ्याच्या नजरेत न भरणारा रंग बरा. डिसेंबरपर्यंत नवे कपडे येतात आणि नवख्यालाही थापट्या, तलवार बदक वेगळे ओळखता येतात. सातच्या आत मनोऱ्यावर पोचा. भडक कपडे, ब्लूटूथचा स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. पक्षी उडवून फोटो काढणाऱ्या माणसाला अडवायला संकोचू नका. एकदा उठलेला थवा जे बळ खर्च करतो ते त्याने परतीच्या प्रवासासाठी खाऊन साठवलेलं असतं.

गाइड घ्याच. त्या मुलांचे हिवाळ्याचे चार पैसे यावर सुटतात, आणि अभयारण्याची रेघ गावाला सोसायची असेल तर त्यातून गावाला काही मिळायला हवं. फक्त त्याला पक्ष्याचं इंग्रजी नाव विचारण्याआधी त्याचे आजोबा काय म्हणायचे ते विचारा, आणि सांगितलं तर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या.